आधी बसायला द्या

‘थकलेल्या पायांचे लाड’ ही जाहिरात हल्ली आमच्या सिल्वासात जिथे जावं तिथे दिसते. वापीकडून येताना रस्त्याच्या फलकांवर असते, मॉलच्या जिन्यापाशी असते, पार्लरच्या काचेवर तर असतेच असते. चित्र ठरलेलं. पितळी घंगाळ, त्यात कोमट पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यात बुडवलेली दोन गोरीपान पावलं. एक भेग नाही, एक घट्टा नाही. ते पाहून मला नेहमी वाटतं, ही पावलं थकली कधी? ज्यांची थकतात त्यांची अशी दिसत नाहीत, आणि ज्यांची अशी दिसतात त्यांना दीड हजार मोजून थकवा काढण्याची फारशी गरज नसते.

पण माझं भांडण चित्राशी नाही. ‘लाड’ या शब्दाशी आहे.

लाड कुणाचे होतात? नातवाचे होतात, जावयाचे होतात, माहेरी आलेल्या लेकीचे चार दिवस होतात. लाड म्हणजे जे देणं लागत नाही ते प्रेमानं दिलेलं. तहानलेल्याला पाणी दिलं तर त्याला कुणी लाड म्हणत नाही. मग दहा तास उभ्या असलेल्या बाईला घटकाभर बसायला मिळालं तर ते लाड कसे? बाजारानं हा शब्द फार हुशारीनं निवडलाय. एकदा लाड म्हटलं की ते हक्कानं मागता येत नाहीत. विकत घेता येतात फक्त, तेही स्वतःच्या पैशानं, आणि मनात थोडं अपराधी वाटून घेत.

गैरसमज नको. पायाला तेल लावण्याच्या मी विरोधात नाही. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या घरी फळीवर काशाची वाटी असायची, तिला दुसरं काही काम नसे. कुणाचे डोळे जळजळले, झोप येईना, तळपायांची आग झाली, की तळव्याला तूप चोळून ती वाटी गोल गोल फिरवायची. पाच मिनिटांत माणूस घोरायला लागायचं. कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल गरम करून भरतात, घाटावर एरंडेल लावतात, पावसात चिखल्या झाल्या तर मेंदी वाटून लावतात. हे सगळं खरं, स्वस्त आणि बरं वाटणारं आहे. फक्त एक पाहा. त्या वाटीखाली पाय कुणाचे असायचे? आजोबांचे, काकांचे, पाहुण्यांचे. वाटी धरणारा हात मात्र बाईचा. माझ्या आईच्या तळव्याला ती वाटी लागलेली मी पाहिली ती तिला टायफॉइड झाला तेव्हा.

आपल्याकडे पाय धुतात तेही कुणाचे, याची एकदा मनातल्या मनात यादी करा. दारात आलेल्या पाहुण्याचे. लग्नात नवरदेवाचे. मुनिमहाराजांचे. घरातली बाई दिवसभर या सगळ्यांसाठी पाणी तापवते. आता बाजार तिला सांगतो, ‘तुझेही पाय आम्ही धुऊ.’ ऐकायला किती गोड! म्हणून तर पोरीबाळी भुलतात. मीही समजू शकते ते.

तर आधी या विकत घ्यायच्या लाडांमध्ये काय काय असतं ते बघू, म्हणजे निदान फसायला नको.

तीच काशाची वाटी आता यंत्रावर बसली आहे. प्रदर्शनांत, मॉलमध्ये बघा, काशाची गोल थाळी विजेवर फिरते, तिच्यावर तेल लावलेले पाय ठेवायचे. दहा मिनिटांनी तळवे काळेकुट्ट होतात आणि तो मुलगा सांगतो, ‘मॅडम, बघा शरीरातलं विष कसं बाहेर आलं!’ विष वगैरे काही नाही. तेल आणि धातू एकमेकांवर घासले की काळं उतरतंच. विश्वास नसेल तर लाकडी पाटाला तेल लावून काशाची वाटी तितकाच वेळ घासा. पाटालाही विषबाधा झाली होती म्हणायचं का? दुसरा प्रकार पाण्याचा. पाय टबात ठेवायचे, टबात वीज सोडलेलं यंत्र, आणि पाणी हळूहळू तपकिरी होत जातं. तो रंग यंत्रातल्या धातूच्या गंजाचा असतो, पाय न घालता यंत्र चालवलं तरी पाणी तसंच होतं. शरीरातली घाण काढायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत, तळवे नाहीत.

तिसरा प्रकार माशांचा. टाकीत पाय सोडायचे आणि इवलेसे मासे येऊन पायाची मेलेली कातडी टोचून खातात. हा मासा मूळचा तुर्कस्तान, इराण त्या बाजूचा, गारा रूफा त्याचं नाव. त्याला हवं ते दुसरं खाणं मिळालं तर तो माणसाची कातडी कशाला खाईल? म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं, आणि त्याच्या उपाशीपोटी आपली टाच मऊ करून घ्यायची. आपल्यापैकी काही जणी, ज्या चौमासात कंदमुळाला हात लावत नाहीत, त्या या टाकीत पाय सोडून हसत हसत फोटो काढतात. यावर मी जास्त बोलत नाही. एवढंच सांगते की अमेरिकेत दहाहून अधिक राज्यांनी हा प्रकार बंद केलाय, आणि तो जीवदयेपेक्षा माणसांच्या काळजीपोटी. एका गिऱ्हाइकाचे पाय गेले की तेच मासे, तेच पाणी दुसऱ्या गिऱ्हाइकाला. मासे काही उकळून निर्जंतुक करता येत नाहीत.

साध्या पाण्याच्या टबाचंही तसंच. २००० साली कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल नावाच्या गावी एका पार्लरच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली, महिनोन् महिने बरी होईनात. शोधलं तेव्हा पाय बुडवायच्या खुर्चीतल्या जाळीमागे केसांचा आणि मळाचा गोळा निघाला, त्यात जंतू वाढले होते. ज्या बायकांनी आदल्या दिवसांत पायाचे केस वस्तऱ्यानं काढले होते, त्यांना जास्त त्रास झाला. म्हणून जायचंच असेल तर टब कधी घासला ते विचारा, आणि केस काढून लगेच जाऊ नका. आणि मधुमेह असेल तर मुळीच कुणाच्या गरम पाण्यात पाय घालू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. त्यातल्या कित्येकांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. पाणी पोळतंय हे कळतच नाही, कळतं ते फोड फुटल्यावर. घट्टा पात्यानं खरवडून घेणं तर त्यांनी टाळलंच पाहिजे.

हे झालं. आता मुद्द्याचं. पाय थकतात कशानं?

चालून थकतात, हे आपण धरून चालतो. पण चालणाऱ्या पायांपेक्षा एका जागी उभे असलेले पाय जास्त सोसतात. पोटरीचा स्नायू हा पायाचा पंप आहे. चालताना तो आवळतो, सैल होतो आणि रक्त वर ढकलतो. एका जागी उभं राहिलं की तो पंप बंद. रक्त खाली साचतं, पाऊल सुजतं, चप्पल घट्ट होते, आणि अशी वर्षं गेली की पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी उमटतात. माझ्या वयाच्या दहा बायकांनी साडी वितभर वर उचलावी, किती जणींच्या पायांवर त्या निघतील ते बघावं. स्वयंपाकघरात ओटा आला तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता! चुलीपुढे वाकणं संपलं, कंबर वाचली. पण पूर्वी निदान पाटावर बसून भाजी चिरायची, बसून भाकरी थापायची. ओट्यानं आपल्याला उभं केलं ते केलंच. एकाही बिल्डरनं ओट्याखाली स्टूल सरकवायला जागा ठेवली नाही, कारण ओट्याशी तो स्वतः कधी उभा राहिला नाही.

मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं आपण तीस-चाळीस वर्षं म्हणतोय. मीही मुलींना वर्गात हेच सांगत आले. आमच्या या भागानं ते अगदी शब्दशः मनावर घेतलं.

सिल्वासा म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला हवं. दादरा नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगिजांकडून सुटली, १९६१ साली भारतात रीतसर सामील झाली आणि आता २०२० पासून दमण-दीवबरोबर एकच केंद्रशासित प्रदेश आहे. मूळ वस्ती वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची. पुढे करसवलती आल्या आणि त्यांच्यामागून कारखाने आले, सुताचे, प्लॅस्टिकचे, औषधांचे. आमच्यासारखी माणसंही तशीच आली. माझे यजमान सुताच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इथे. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्या घरांतले जैन इथे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची दुकानं, गोदामं, कारखाने आहेत. आणि खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या मुली सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून इथे कामाला येतात. जीपमधला तो तास, तेवढंच त्यांचं बसणं. पावसाळ्यात याच मुली सुट्टी घेऊन घरी आवणाला जातात, चिखलात घोटाभर पाय रोवून भात लावतात, आणि परत येऊन पॅकिंगला उभ्या राहतात.

परवा एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात गेले होते. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण एकाचं सांगितलं तर बाकीचे सुटतात. काउंटरवरची मुलगी एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासत होती, बगळ्यासारखी. मी म्हटलं, ‘अगं बस की जरा, मला घाई नाही.’ ती हसली. ‘नाय ना मॅडम. बसलेलं कॅमेऱ्यात दिसतं.’

‘मग?’

‘मग शेठ फोन करतो. घरून बघतो तो.’

चोरीसाठी लावलेला कॅमेरा आता पोरीचं बूड टेकलं का ते बघतो. मी विचारलं, पाणी तरी पितेस का? म्हणाली, कमीच. संडास तिसऱ्या मजल्यावर, सारखं गेलेलं चालत नाही.

हे ऐकून मला काय वाटलं ते मला आपल्या बायकांपुढेच मांडायचं आहे, कारण इतरांना ते कळणार नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं आणि खाणंपिणं अडवणं. पंडितजी समजावताना बैलाचं उदाहरण द्यायचे, नोकराचंही द्यायचे. गाडीत दोन पोती जास्त टाकली तर अतिचार. मग अठरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्याच देहाचं ओझं दहा तास दोन टाचांवर तोलून धरायचं, मागे भिंत आहे पण टेकायचं नाही, याला काय म्हणायचं? आणि संडास दूर म्हणून तिनं पाणी पिणं सोडलं, तर शेवटचा अतिचार आणखी वेगळा कुठला असतो?

कुणी म्हणेल, ताई, धर्म कशाला मध्ये आणता, हा व्यापार आहे. बरं, व्यापाराचं बोलू. कायद्याचं बोलू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ होतं. ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्या प्रत्येक कामगारासाठी कारखान्यात बसायची सोय पाहिजे, म्हणजे कामात जेव्हा उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता येईल, असं ते सांगत होतं. २०२० च्या नव्या संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, काही नवं खूळ नव्हे. त्याच्याही आधी, १८९९ साली ब्रिटिश संसदेनं दुकानात काम करणाऱ्या बायकांसाठी कायदा केला होता, तीन बायकांमागे निदान एक बैठक ठेवलीच पाहिजे म्हणून. राणी व्हिक्टोरिया जिवंत होती तेव्हा!

आणि आपल्या देशात बघा. केरळात कोळिकोडला पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं दुकानांतल्या बायकांची संघटना बांधली. सुरुवात झाली ती संडासाच्या मागणीपासून, कारण मोठमोठ्या बाजारपेठेत बायकांना जायला जागा नव्हती आणि मालक म्हणत पाणी कमी प्या. तिथून ते बसण्याच्या हक्कापर्यंत आलं. त्रिशूरला साडीच्या दुकानातल्या बायका बसायला मिळावं म्हणून रस्त्यावर धरणं धरून बसल्या. शेवटी २०१८ साली केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल केला, कामगारांना बसायची सोय द्यावी लागेल असा. तमिळनाडूनं २०२१ साली तसाच बदल केला. या बायकांनी कुणाकडे पाय चेपून मागितले नाहीत. गुलाबाच्या पाकळ्या मागितल्या नाहीत. खुर्ची मागितली.

आमच्या मंडळात आठ मार्चचा विषय निघाला तेव्हा ठराव काय आला? खानवेलच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये एक दिवस जायचं, सगळ्यांनी पायांचा स्पा करून घ्यायचा, माणशी दीड हजार. बावीस जणी तयार. तेहतीस हजार रुपये. सूचना मांडणारी भाभी मनानं फार चांगली आहे, हे आधी सांगते. ती म्हणाली, ‘वर्षभर आपण सगळ्यांसाठी राबतो, एक दिवस आपला नको का?’ हवा ना. पण मला त्या बावीस जणींतल्या निम्म्या तरी ओळखीच्या आहेत. त्यांच्या घरची दुकानं मला माहीत आहेत. तिथल्या मुली उभ्या असतात ते मी पाहिलंय. मी म्हटलं, आपण या पैशांची स्टुलं घेऊ. पाचशेला एक धरलं तरी साठच्या वर येतील. आपापल्या दुकानात ठेवू आणि शेठला, म्हणजे आपल्याच नवऱ्याला, सांगू की आठ मार्चपासून कॅमेऱ्यात मुली बसलेल्या दिसतील.

खोलीत एकदम शांतता झाली. मग एकजण म्हणाली, ‘ते दुकानाचं हे बघतात, आम्ही त्यात पडत नाही.’

इथेच माझा खरा राग आहे. हिऱ्याच्या कुड्या कुठल्या घ्यायच्या, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, प्रतिष्ठेला किती बोली लावायची, सगळ्यात आपण पडतो. नोकर माणसाच्या खुर्चीचा प्रश्न आला की एकाएकी आपण सोवळ्या होतो, दुकानाचं ‘हे’ बघतात.

आणखी एका काकांचं म्हणणं ऐका. मंडळाच्या कार्यक्रमाला आले होते, माझा विषय कानावर गेला असावा. म्हणाले, ‘बाहुबली वर्षभर उभे होते. पायाला वेली चढल्या. उभं राहणं ही साधना आहे, मॅडम.’ मला हसू आवरेना. कुंभोजच्या डोंगरापाशी मी लहानाची मोठी झाले, त्या २८ फुटांच्या मूर्तीकडे कितीदा मान वर करून पाहिलंय. बाहुबली स्वेच्छेनं उभे राहिले, राज्य सोडून. त्यांच्यावर कुणी कॅमेरा लावला नव्हता, बसले तर पगार कापीन असं कुणी म्हटलं नव्हतं. कायोत्सर्ग म्हणजे देहाची ममता आपण होऊन सोडणं. दुसऱ्याच्या देहाची ममता आपण सोडणं म्हणजे कायोत्सर्ग नव्हे. उलट आपल्या परंपरेला थकलेले पाय चांगले कळतात. आठ महिने अनवाणी विहार करणाऱ्या साध्वीजी, आर्यिकामाता हमरस्त्यानं येतात, डांबर तापलेलं असतं, तळव्यांना फोड असतात. संध्याकाळी आपण वैयावृत्तीला जातो, श्वेतांबर बहिणी वैयावच्च म्हणतात. तूप घेऊन जातो, पाय चेपतो. तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपांमध्ये तिला स्थान आहे. थकलेल्या पायांची सेवा हे तप, असं सांगणारी माणसं आपण. त्या सेवेला आपण कधी लाड म्हणालो का?

आणि आहारदानाची नवधा भक्ती आठवा. आपण चौका लावतो, पडगाहन करतो, महाराज आत येतात. लगेच पाय धुतो का? नाही. आधी उच्चासन. आधी बसायला आसन द्यायचं, मग पादप्रक्षालन. उभ्या माणसाचे पाय नीट धुता येत नाहीत, हे आपल्या आजीपणजीला माहीत होतं. साधूंसाठीचा विधी आणि दुकानातली मुलगी यांची तुलना नको, असं कुणी म्हणेल. तुलना करत नाही मी. क्रम तेवढा बघा म्हणते.

आता दुकानदारांचा एक आक्षेप खरा वाटण्यासारखा आहे, म्हणून त्याला उत्तर देते. ते म्हणतात, मुलगी बसलेली दिसली तर गिऱ्हाइकाला अपमान वाटतो, दुकान आळशी दिसतं. असं आहे? मग आपले आजोबा व्यापार कसा करत होते? गादीवर बसून! पांढरी चादर, मागे लोड, गिऱ्हाईक समोर बसलेलं, मधे साड्यांचा ढीग. कुणाचा अपमान झाला नाही, आणि व्यापार आजच्यापेक्षा वाईट झाला नाही. आपली भाषाच बघा. आपले पुरुष पेढीवर ‘बसतात’, गल्ल्यावर ‘बसतात’, मुलगा हाताशी आला की तो दुकानात ‘बसायला’ लागतो. व्यापार या शब्दाबरोबर आपल्याकडे बसणंच येतं. उभं राहणं कधी आलं? काचेचे काउंटर आले, त्यांच्यामागे पगारी मुली आल्या, तेव्हा. आजही कुठल्याही शोरूममध्ये जा, खुर्ची एकच दिसेल, गल्ल्यामागची.

पायांचा स्पा करणाऱ्या मुलीचंही सांगायचं राहिलं. ती बसलेली असते, हे खरं. वितभर उंचीच्या स्टुलावर, गुडघे छातीशी, मान खाली, एकापाठोपाठ एक पाय मांडीवर घेत. तिला मी विचारलं होतं, तुझ्या पायांना काय लावतेस? म्हणाली, ‘घरी गेल्यावर भिंतीला पाय वर करून झोपते, मावशी, वीस मिनिटं.’ याहून चांगला उपाय मी तरी कुठल्या जाहिरातीत वाचला नाही. फुकट आहे, आणि साचलेलं रक्त खाली उतरवायला डॉक्टरही हेच सांगतात. तुम्हीही करा. दुपारी दार लावून घ्या आणि करा. सासूबाई काय म्हणतील याचा विचार नको, त्यांनाही शेजारी झोपवा, त्यांचे पाय तुमच्यापेक्षा जास्त वर्षं उभे आहेत.

मंडळाच्या ठरावाचं म्हणाल तर बावीसपैकी सात जणींनी रिसॉर्टचे पैसे काढून स्टुलांसाठी दिले. बाकीच्या रिसॉर्टला जाणार आहेत, जाऊ द्यात, माझं त्यांच्याशी वैर नाही. साडेदहा हजारांत वीसएक स्टुलं येतात. घेताना कुणी प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या घेऊ नका. काउंटर उंच असतो, बुटक्या खुर्चीवर बसून मुलीचं तोंडही दिसत नाही आणि मग दोन दिवसांत ‘बघा, उपयोग नाही’ म्हणून त्या गोदामात जातात. उंच स्टूल हवं, खाली पाय टेकवायला आडवी दांडी असलेलं, शक्य तर पाठीला टेका असलेलं. लोहारवर्कशॉपमध्ये सांगितलं तर बनवून देतात. तीन मुलींमागे एक तरी ठेवा. शेठला सांगा की माल काढताना, गिऱ्हाईक समोर असताना मुली उठतीलच, त्यांनाही विक्रीवर कमिशन असतं, अक्कल असते. आणि दुकानात गेलात की बघत जा, त्या स्टुलावर कुणी कापडाचे गठ्ठे ठेवून तर दिले नाहीत ना.